परदेशात खर्चासाठी आणि रोख काढायला कुठलं बँक खातं घ्यावं?

भिंगरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

येत्या काळात सलग काही देश फिरायचे आहेत, मध्ये घरी फेरी नाही. काही ठिकाणी युरो, काही ठिकाणी तिथलं तिथलं चलन. सध्या माझं एकच बचत खातं आणि त्याचं डेबिट कार्ड आहे. बँकेचं शुल्कपत्रक काढून बसले तर डोकं गरगरलं. परदेशी व्यवहारावर टक्केवारी वेगळी, एटीएमवर दर वेळी ठरावीक रक्कम वेगळी, नुसती शिल्लक बघितली तरी शुल्क, आणि तळाशी बारीक अक्षरात 'विनिमय दर लागू असेल त्याप्रमाणे'. कोणाचा लागू, ते काही लिहिलेलं नाही.

आंतरजालावर शोधलं की प्रत्येक लेख कुठल्या तरी कार्डाची जाहिरात निघतो, म्हणून इथे विचारते. यासाठी वेगळं खातं उघडावं का? कार्डांची नावं दिलीत तरी चालेल, पण निवडायचं कशावरून ते कळलं तर जास्त उपयोग होईल. आपण सगळे वेगवेगळ्या देशांत राहतो, एकाला मिळणारं खातं दुसऱ्याला मिळेलच असं नाही.

आणि जिथे तिथे लिहिलेलं 'शून्य शुल्क' खरंच शून्य असतं का?

---

कोरडा_आकडा

आधी पैसे कुठे कुठे गळतात ते बघा.

पहिली गळती दरात. तुम्ही व्हिसा किंवा मास्टरकार्डवर परकीय चलनात पैसे दिले की त्या जाळ्याचा त्या दिवसाचा दर लागतो. हा दर बाजारातल्या घाऊक दराच्या बराच जवळ असतो, आणि दोघांच्याही संकेतस्थळावर गणकयंत्र आहे, तिथे तारीख टाकून कोणालाही तपासता येतो. इथे फारसं नुकसान होत नाही.

दुसरी गळती तुमच्या बँकेची. जाळ्याच्या दरावर ती आपले टक्के चढवते. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये बहुतेक जुन्या बँकांचा आकडा ३ टक्क्यांच्या आसपास असतो. 'शून्य मार्कअप' म्हणून जाहिरात होते ती फक्त या एका गळतीची.

तिसरी, रोख काढल्याबद्दल तुमच्याच बँकेचं ठरावीक शुल्क. चौथी, ते एटीएम ज्याचं आहे त्याचं शुल्क. या चौथ्यावर तुमच्या बँकेचा काहीही ताबा नसतो, त्यामुळे शून्य मार्कअपवालं कार्डही तिथे पैसे मोजतं.

ठरावीक शुल्काकडे लोक दुर्लक्ष करतात. दर वेळी ५ युरो कापले जात असतील तर ५० युरो काढणाऱ्याला ते १० टक्के पडतात, २५० काढणाऱ्याला २ टक्के. म्हणजे 'मार्कअप नाही, पण दर काढणीला ५ युरो' हे खातं एकाला उत्तम आणि दुसऱ्याला महाग. तुम्ही रोख किती आणि किती वेळा काढणार, हे आधी ठरवल्याशिवाय खात्यांची तुलना करता येत नाही.

---

अनवाणी

एवढा विचार कशाला! वाइज किंवा रेव्होल्यूट, तुमच्या देशात जे मिळत असेल ते घ्या, फोनवरून खातं उघडा, निघा. मी वर्षानुवर्षं हेच वापरतोय. एकाच कार्डात अनेक चलनं ठेवता येतात, दर समोर दिसतो, खर्च झाला की क्षणात सूचना येते. जुन्या बँकांना अजून हे जमत नाही.

---

सायसाखर

वाचनखूण साठवली. वाचतेय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

जुना_कारकून

अनवाणीराव, सोय आहे हे मान्य. पण ज्यात पैसे ठेवतो ती बँक आहे की नुसती पैसे फिरवणारी कंपनी, हे विचारायला दोन मिनिटं लागतात आणि ती खर्च करावीत.

वाइजचं उदाहरण घ्या. ब्रिटनमध्ये ती परवानाधारक ई-मनी संस्था आहे, बँक नाही. ग्राहकांचे पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवण्याचं बंधन तिच्यावर आहे, पण ठेव विमा योजनेचं थेट संरक्षण त्या शिलकीला नाही. रेव्होल्यूटचं युरोपीय संघातलं खातं लिथुआनियाच्या बँक परवान्यावर चालतं, तिथे १,००,००० युरोपर्यंत ठेव विमा आहे. दोन्ही कार्डं सारखीच दिसतात, दोन्ही यंत्रात सारखीच चालतात, फरक फक्त संकट आलं की कळतो.

आणि संकट आलेलं आहे. म्युनिकजवळच्या वायरकार्ड कंपनीच्या ताळेबंदातले १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नव्हते, असं जून २०२० मध्ये उघड झालं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीचं काम तिथल्या नियामकाने थांबवलं. त्या उपकंपनीच्या आधाराने कार्डं चालवणाऱ्या अनेक छोट्या ॲपांच्या ग्राहकांचे पैसे काही दिवस अडकून पडले. त्यांतल्या कित्येकांनी वायरकार्डचं नावही ऐकलं नसेल, कार्डावर नाव दुसऱ्याचंच होतं. पैसे पुढे मोकळे झाले, पण त्या दिवसांत कोणी परक्या गावात असेल तर त्याने काय करायचं?

म्हणून म्हणतो, असलं खातं जरूर घ्या, पण त्यात लागतील तेवढेच पैसे ठेवा. बाकीचे विमा असलेल्या बँकेत असू द्यात आणि गरज पडेल तसे फोनवरून वळवा. कार्ड चोरीला गेलं तरी चोराच्या हाती थोडेच लागतात, हा वरचा फायदा.

---

अनवाणी

थोडे पैसे ठेवण्याबद्दल सहमत. बाकी, परदेशात ऐन मोक्याला कार्ड बंद करून ठेवण्यात जुन्या बँकाही मागे नाहीत. 'संशयास्पद व्यवहार' म्हणे. परदेशात गेलो हाच संशय!

---

भिंगरी

खूपच उपयोगी. एक शंका. मागे एका एटीएमने मला विचारलं होतं की तुमच्या खात्याच्या चलनात पैसे वळते करू का. रक्कम माझ्याच चलनात दिसत होती, बरं वाटलं. ते घ्यायचं की नाही?

---

मुक्काम_पोस्ट

नाही. नाही. आणि पुन्हा एकदा नाही.

या धाग्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. याला डीसीसी म्हणतात, डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. यात दर व्हिसा-मास्टरकार्ड ठरवत नाही, तुमची बँकही ठरवत नाही, तो एटीएमवाला किंवा दुकानाच्या यंत्रामागची कंपनी ठरवते आणि त्यात आपला नफा घालते. तुम्ही कितीही हुशारीने शून्य मार्कअपचं खातं निवडलेलं असो, हे एक बटण दाबलं की ती सगळी मेहनत वाया, कारण व्यवहार तुमच्या बँकेपर्यंत पोचतो तेव्हा चलन बदलून झालेलं असतं.

हिशेब करून दाखवतो. सोयीसाठी धरू की जाळ्याच्या दराने एका युरोला तुमच्या चलनाचे १०० पडतात. २०० युरो काढले, म्हणजे २०,०००. तुमची बँक ३ टक्के घेत असेल तर २०,६००. आता डीसीसीवाल्याने ८ टक्के चढवले तर पडद्यावर २१,६०० दिसतील. आणि एवढ्यावर भागेलच असं नाही. व्यवहार तुमच्या चलनात दिसला तरी झाला परदेशातच, म्हणून बऱ्याच बँका आपले टक्के तरीही लावतात. तसं झालं तर २२,२४८.

पडदा कसा फसवतो तेही सांगतो. एका बाजूला हिरवं बटण, 'हमी दर, स्वीकारा'. दुसऱ्या बाजूला 'रूपांतर नाकारा', जणू नाकारलं तर व्यवहारच रद्द होणार. होत नाही. नाकारलं की पैसे येतात, फक्त स्थानिक चलनाच्या हिशेबाने येतात. काही यंत्रं एकदा नाकारल्यावर पुन्हा विचारतात, 'नक्की ना?', तिथेही नाकारायचं. उपाहारगृहात, हॉटेलात काही वेळा तुम्हाला न विचारता काउंटरवालाच बटण दाबून मोकळा होतो. म्हणून पावती घेताना रक्कम कुठल्या चलनात आहे ते बघायचं, आणि आपल्या चलनात असेल तर तिथल्या तिथे रद्द करून पुन्हा करायला सांगायचं. घरी पोचल्यावर भांडण्यात हशील नसतं, तुमची संमती घेतल्याचं पावतीवर छापलेलं असतं.

---

कोरडा_आकडा

मुक्काम_पोस्ट यांना अनुमोदन, एक पुरवणी. युरोपीय संघाच्या २०१९ च्या एका नियमानुसार (क्रमांक २०१९/५१८) तिथल्या एटीएमवर आणि दुकानात डीसीसी देऊ करताना, युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा आपण किती टक्के जास्त घेतोय ते आधी दाखवणं बंधनकारक आहे. एप्रिल २०२० पासून हे लागू आहे. त्यामुळे तिकडच्या पडद्यावर तो टक्का सापडतो, शोधावा मात्र लागतो.

याच नियमाचा दुसरा भाग युरोवाल्यांच्या कामाचा आहे. युरोतल्या सीमापार व्यवहाराला देशांतर्गत व्यवहारापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. तुमचं खातं युरो वापरणाऱ्या देशातलं असेल तर दुसऱ्या युरो देशात जाण्यासाठी वेगळं खातं उघडण्याची गरजच नाही. क्रोएशिया २०२३ पासून आणि बल्गेरिया २०२६ पासून युरोत आला, तिथेही हेच.

---

ध्रुवतारा

सगळे डेबिट कार्डाबद्दल बोलताहेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. खर्चासाठी क्रेडिट कार्डच वापरा, तेही परकीय व्यवहारावर शुल्क न घेणारं.

गाडी भाड्याने घेताना किंवा हॉटेलात शिरताना अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवतात. डेबिट कार्ड दिलं तर तुमच्या खात्यातले खरेखुरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. प्रवासाला काढलेले पैसे समोर दिसतात पण वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्डात फक्त मर्यादा अडकते. कित्येक गाडीवाले तर चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड नसेल तर किल्लीच देत नाहीत.

शिवाय गफलत झाली तर वाद घालताना पैसे बँकेचे असतात, तुमचे नाही. ब्रिटनमधल्या मंडळींना तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ आहे. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली असेल तर विक्रेत्याच्या बरोबरीने कार्ड कंपनीही जबाबदार. परदेशातल्या खरेदीलाही ते लागू असल्याचा निकाल तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००७ मध्ये दिलेला आहे.

---

जुना_कारकून

खर्चासाठी ठीक. पण त्याच क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, हे ध्रुवतारा लिहायचं विसरले. रोख काढली की सहसा बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि वर रोख काढण्याचं शुल्क असतं. 'परकीय व्यवहार शुल्क शून्य' असं कार्डावर लिहिलेलं असलं तरी रोख काढण्याचं शुल्क वेगळ्या ओळीत असतं. ती ओळ वाचा.

---

ध्रुवतारा

बरोबर. रोखीसाठी डेबिट, बाकी सगळ्याला क्रेडिट.

---

दूरदेशी

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. चार्ल्स श्वाबचं इन्व्हेस्टर चेकिंग खातं बघा. परकीय व्यवहार शुल्क नाही, आणि जगात कुठेही एटीएमवाल्याने घेतलेलं शुल्क ते परत करतात. कोरडा_आकडा यांनी सांगितलेली चौथी गळती बुजवणारी खाती फार थोडी आहेत, त्यांतलं हे एक. सोबत गुंतवणुकीचं खातं उघडावं लागतं, ते रिकामं ठेवलं तरी चालतं. ब्रिटनमध्ये स्टार्लिंग बँक परदेशात स्वतःचं शुल्क घेत नाही, पण यंत्रवाल्याने घेतलेलं परत मिळत नाही.

---

मुक्काम_पोस्ट

खातं निवडताना देश कुठले, हेही बघा. सगळीकडे एकच हिशेब लागत नाही.

थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएमवाली बँक दर वेळी ठरावीक शुल्क घेते. अनेक वर्षं तो आकडा २२० बाट होता. २,००० काढले तर ११ टक्के, २०,००० काढले तर १.१ टक्के. तिथे एकदाच भरपूर काढायचे. म्हणजे कार्डाची दिवसाची मर्यादा मोठी हवी, नाहीतर इच्छा असून काढता येत नाहीत. ही मर्यादा निघण्याआधी ॲपमधून वाढवून घ्या.

जपानमध्ये काही वर्षांपूर्वीपर्यंत बऱ्याच स्थानिक बँकांची यंत्रं परदेशी कार्ड घ्यायची नाहीत. तिथे सेव्हन बँक, म्हणजे सेव्हन-इलेव्हन दुकानांतली यंत्रं आणि टपाल खात्याच्या बँकेची यंत्रं हा भरवशाचा मार्ग. स्वीडनमध्ये उलट, रोख घेऊन कुठे देऊ असा प्रश्न पडतो. जर्मनीत काही दुकानांत कार्ड चालतं पण ते त्यांचं देशी गिरोकार्ड, तुमचं व्हिसा नाही. खिशात रोख हवीच.

रशियात मार्च २०२२ पासून बाहेरच्या बँकांनी दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड चालत नाहीत. इराणमध्येही नाहीत. तिथे जाणाऱ्याने खात्याचा विचार सोडून नोटांचा करावा.

---

सायसाखर

नोटांवरून आठवलं. विमानतळावरच्या 'कमिशन नाही' पाटीवाल्या खिडकीचं काय? उतरल्या उतरल्या टॅक्सीपुरते तरी लागतात ना.

---

कोरडा_आकडा

कमिशन नाही, पण खरेदी आणि विक्रीच्या दरात ऐसपैस अंतर आहे. फलकावर दोन्ही आकडे असतात, त्यांतला फरक बघा, म्हणजे कमिशन कुठे गेलं ते दिसेल. टॅक्सीपुरते हवे असतील तर त्याच विमानतळावर एखाद्या खऱ्या बँकेचं एटीएम शोधा. खिडकीशेजारी ठेवलेलं रंगीबेरंगी यंत्र बहुतेकदा खिडकीवाल्याचंच असतं.

---

घरकोंबडा

भारतात खातं असलेल्यांसाठी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानंतर नवीन कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू होऊन येतात. परदेशातला एटीएम, दुकान, ऑनलाइन वापर वेगवेगळा ॲपमधून चालू करावा लागतो. तिथे पोचल्यावर कार्ड नाकारलं गेलं की लोक यंत्राला शिव्या घालतात, पण बटण बंद असतं आपल्याच फोनमध्ये.

मार्कअप ३.५ टक्के असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के होतात. डेबिट आणि फॉरेक्स कार्डावरचा (आधी परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड) खर्च एलआरएस, म्हणजे भारतातून बाहेर पैसे नेण्या-पाठवण्याच्या योजनेतल्या वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजला जातो, परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला तूर्त मोजला जात नाही. सरकारने २०२३ मध्ये तोही मोजायचं ठरवलं होतं, मग ते लांबणीवर टाकलं.

---

अनवाणी

अनेक चलनांच्या खात्याचा एक फायदा कोणी सांगितला नाही. दर चांगला असेल तेव्हा आधीच युरो घेऊन ठेवता येतात. मग पुढे दर कसाही जावो.

---

कोरडा_आकडा

दर चांगला आहे हे आधी कसं कळतं, ते मलाही सांगा, नोकरी सोडतो.

गंमत सोडा. आधी चलन घेण्याचा उपयोग आहे, पण तो खर्चाचा अंदाज बांधायला, पैसे वाचवायला नाही. आणि उरलेलं चलन परत आपल्या चलनात आणताना पुन्हा एकदा रूपांतराचं शुल्क किंवा दरातला फरक सोसावा लागतो. प्रीपेड फॉरेक्स कार्डात हे जास्त जाणवतं. भरताना त्यांचा दर, उरलेले काढताना त्यांचा दर, आणि कार्डात नसलेल्या चलनात खर्च केला तर वर आणखी टक्के.

शनिवार-रविवारचंही बघून घ्या. चलनबाजार बंद असतो तेव्हा सोमवारी दर हलण्याचा धोका नको म्हणून काही ॲपवाले जादा टक्का लावतात. त्यावर उपाय सोपा, लागणारं चलन शुक्रवारपर्यंत वळतं करून ठेवायचं.

---

बोलघेवडा

प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

भिंगरी

सगळ्यांचे आभार. आता माझं असं ठरतंय. रोखीसाठी एटीएम शुल्क न घेणाऱ्या बँकेचं एक नवीन डेबिट खातं, त्यात एका वेळी थोडेच पैसे. हॉटेल आणि गाडीसाठी परकीय शुल्क नसलेलं क्रेडिट कार्ड. जुनं खातं मागे राहू दे, तिथून पैसे वळवायचे.

दोन कार्डं वेगळ्या जाळ्यांची घेऊ का? एक व्हिसा, एक मास्टरकार्ड? आणि ओटीपीचं काय करता? घरचा नंबर बंद करून तिथलं सिम घातलं तर पैसे वळवणार कशी?

---

जुना_कारकून

वेगळी जाळी घ्या, आणि बँकाही वेगळ्या. एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर त्या बँकेची यंत्रणा बंद पडली की दोन्ही गेली. कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका. प्रत्येक बँकेचा परदेशातून लागणारा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्या, फोनमध्ये नको, कारण फोनच गेला तर तो शोधणार कुठे.

पिन चार आकडी ठेवा. काही देशांतल्या यंत्रांना सहा आकडी पिन झेपत नाही. आणि आकडेच पाठ करा. अक्षरांचा शब्द करून पिन लक्षात ठेवणाऱ्यांची, कळफलकावर अक्षरंच नसली की पंचाईत होते.

---

ध्रुवतारा

ओटीपीसाठी घरचा नंबर फोनमध्ये जिवंत ठेवा, परदेशात त्यावरचं इंटरनेट बंद करून. दुसऱ्या जागी तिथलं सिम किंवा ई-सिम इंटरनेटसाठी घाला. रोमिंगमध्ये एसएमएस येणं अनेक कंपन्यांकडे फुकट असतं, पण तुमच्या योजनेत रोमिंग चालू आहे ना ते निघायच्या आधी विचारा.

त्याहून बरं म्हणजे अशी बँक निवडा जिची मंजुरी ॲपमधून देता येते, तिला फक्त इंटरनेट लागतं. नवीन खातं उघडणारच आहात तर हा प्रश्न आधीच विचारा. आणि खातं निघण्याच्या बरंच आधी उघडा. कार्ड टपालाने घरच्या पत्त्यावर येतं, आणि काही कार्डांना पहिला व्यवहार चिप आणि पिन वापरून केल्याशिवाय नुसतं टेकवून पैसे देता येत नाहीत. तो पहिला व्यवहार घराजवळच्या एटीएमवर करून टाका.

---

भिंगरी

कार्डासाठी अर्ज केला. ॲपमधून मंजुरी देता येते, विचारून घेतलं. रोजची रोख मर्यादा मात्र फारच कमी दिसतेय, ती वाढवता येते का ते उद्या फोन करून बघते.